पाच ग्रॅमचा मासा

गळाच्या दुकानातला सगळ्यात जाड रॉड मी उचलला. जन्मभर होडीतून मोठे मासे धरले होते. बारीक काठी हातात घ्यायची लाजच वाटली.

"देवमासा धरायचाय का?" आमची ही म्हणाली. "डॉक्टरांनी खांद्यापायी होडी बंद केली ना? आता खाडीच्या काठावरूनच काय ते." तिने आमिषाचा प्लास्टिकचा इवलासा खोटा मासा माझ्या हातात दिला.

त्याच्या पुडीवर लिहिलं होतं, पाच ग्रॅम. मी चष्मा चढवून रॉडवर बारीक छापलेलं वाचलं, किती वजनाचं आमिष चालेल ते. वीस ते साठ ग्रॅम. एवढ्या हलक्या माशाने तो वाकणारच नाही, मग फेकणार काय? तो रॉड परत ठेवला. एकेक वाचत गेलो, तेव्हा तीन ते दहाचा सापडला. त्यावर मुठीत मावणारं दोरीचं रीळ बसवलं, दोरीला मासा बांधला आणि रिळाच्या चाकावर अंगठा ठेवून तो हळूहळू खाली सोडला. दोरी जराही गुंतली नाही.

दुसऱ्या गिऱ्हाइकातून मोकळा झालेला मालक वळला. "छान जोडी! कुणी निवडून दिली, मावशी?"

साठीनंतर मला मुळाक्षरं शिकवणाऱ्या माझ्या बायकोने पदर सारखा केला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यांनी. स्वतः वाचून!"