कडक उपवास

“शेंगदाणे नाहीत ना नक्की?” समीक्षाने पुन्हा विचारलं.

“नाही मॅडम.” वेटरने भरल्या वांग्यांत चमचा फिरवून दाखवला. “बघा ना. एक पण दाणा नाही.”

टेबलाभोवती हशा पिकला. लग्न ठरल्यावर नयनच्या घरचे तिला पहिल्यांदाच जेवायला घेऊन आले होते. बाळकुमहून थेट मानपाड्यापर्यंत, कारण नयनच्या आईच्या मते अशी वांगी ठाण्यात दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. बसल्याबरोबर समीक्षाने सांगून टाकलं होतं, की शेंगदाणे, तीळ, काजू आणि अंडं यांतलं काही तिला चालत नाही. अ‍ॅलर्जी आहे.

“मग तू खातेस काय?” नयनचा थोरला भाऊ संदेश म्हणाला. “लग्नात तुझ्या पानात नुसतं मीठ आणि लिंबू वाढायचं का?”

“आमच्या वेळी नव्हती बाई ही अ‍ॅलर्जी,” नयनची आई म्हणाली. “सवय केली की सगळं चालतं.”

समीक्षा हसली. हसणं भाग होतं. कॉलेजात असताना एका मैत्रिणीने ‘काही होत नाही गं’ म्हणत तिला चिक्कीचा तुकडा खायला लावला होता. घसा आतून सुजत गेला होता, श्वासाला वाट उरली नव्हती. शुद्ध आली ती इस्पितळात. नयनला हे सगळं ठाऊक होतं. तो पापड मोडत बसला होता.

टेबलाच्या टोकाला नयनचे आजोबा होते. प्रभाकरआप्पा. मांडीवर पुस्तक, नजर पुस्तकात, आपण उगीच सगळ्यांची जागा अडवून बसलोय असा चेहरा. वेटर त्यांच्यापुढे ताट मांडायला गेला तेव्हा ते एवढंच पुटपुटले, “उपवास आहे.”

झालं. ताट उचललं गेलं. टेबलाचा तेवढा कोपरा ओल्या फडक्याने पुसला गेला. पेला पुन्हा विसळून आला. न मागता केळी आली, वेगळ्या बशीत.

“आप्पांचा उपवास फार कडक हां,” नयनची आई कौतुकाने म्हणाली. “साबुदाण्याची खिचडीसुद्धा नाही. नुसतं फळ. घरी एक वेळ जेवतील, पण बाहेर पडलो की हटकून उपवास.”

समीक्षा आप्पांकडे बघत राहिली. कोपरला तिच्या घरी ही मंडळी मुलगी बघायला आली, तेव्हाही आप्पांनी पोह्यांची बशी हळूच परत केली होती. तो रविवार होता. बोलणी पक्की करायला आले तेव्हा शुक्रवार. आज बुधवार. हा कुठला देव, ज्याला कुठलाही वार चालतो? तिला विचारावंसं वाटलं. पण नव्या माणसाने पहिल्याच जेवणात असं कसं विचारायचं?

तेवढ्यात नयनच्या आईने भाकरीचा तुकडा वांग्यात बुडवून चाखला. “खरंच नाहीत गं शेंगदाणे. मसाल्यात थोडं कूट आहे, तेवढंच.”

“काकू, कूट म्हणजे शेंगदाणेच ना.”

“छे! कूट वेगळं. दाणे भाजले, कुटले, वर शिजवले. त्यात राहतंय काय?” तिने दुसरा घास केला आणि समीक्षाच्या तोंडापुढे धरला. “हा माझ्या हातचा. आमच्यात होणाऱ्या सुनेला सासू पहिला घास भरवते. नाही म्हणायचं नसतं.”

संदेशने फोटोसाठी फोन वर केला. “समीक्षा, आ कर, आ!”

“अगं, एकच तर घास आहे,” नयन तिच्या कानाशी कुजबुजला. “आईचं मन मोडू नको ना, यार.”

समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं. मग घासाकडे. भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास नाकापर्यंत आला होता. तोंड उघडलं तर श्वास जाणार होता. नाही उघडलं तर सासर.

“सूनबाई, थांब.”

कुणी बोललं ते क्षणभर कळलंच नाही. आप्पा उठून उभे राहिले होते. पुस्तक खाली पडलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चारचौघांत बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

“तिचा उपवास आहे,” ते नयनच्या आईला म्हणाले.

चटका बसावा तसा घास मागे गेला.

“अगंबाई! मग आधी नाही का सांगायचं? पाप लागलं असतं ना मला!” नयनच्या आईने स्वतःच्याच गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या. संदेशने फोन खाली ठेवला. वेटरने समीक्षापुढचं ताट उचललं, टेबल पुसलं, केळी आणली.

“सॉरी हां,” नयन ओशाळून म्हणाला. “मला माहीतच नव्हतं.”

समीक्षा उठली, आपली बशी घेऊन आप्पांशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. पलीकडे वांग्यांची वाटणी सुरू झाली होती. तिने केळं सोललं. अर्धं खाल्लं. मग तिला राहवेना.

“आप्पा,” तिने हळूच विचारलं, “आज आपला कुठल्या देवाचा उपवास?”

आप्पांनी सुनेकडे, नयनच्या आईकडे, चोरून पाहिलं. तिचं लक्ष नव्हतं.

“इतक्या वर्षांत हे विचारणारी तूच पहिली,” ते म्हणाले. त्यांनी घसा चाचपला, जणू तो शाबूत आहे ना ते बघत होते. “देवाबद्दल मला अजून खात्री नाही, बाळ. शेंगदाण्याबद्दल आहे.”