सुटलेल्यांची लाँड्री

गेटवरच्या माणसाला आत घ्यायचं की हाकलायचं, हे मुकादमाला ठरवता येईना. तो वर बाईंच्या खोलीत गेला आणि सवयीने त्यांच्या उजव्या हाताला उभा राहिला. लग्नानंतर वर्षभरातच बाईंचा डावा कान गेला होता.

“बाई, साहेबांना मारणारा सुटलाय. काम मागतोय.”

बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“इस्त्रीवर घे त्याला,” त्या म्हणाल्या.

त्यांची लाँड्री दवाखान्यांच्या चादरी धुवायची, आणि कामाला माणसं घ्यायची ती तुरुंगातून सुटलेलीच. मुकादम स्वतः घरफोड्या. सख्ख्या भावाने तोंडावर दार लावलं, तेव्हा बाईंनी त्याला उभं केलं होतं. सुरुवातीला लोक हसले. आज चादरी दिल्या, उद्या खाटाही उचलून नेतील, म्हणाले. बाई हसण्यावारी नेत. दयेवर चाललेलं दुकान दया आटली की बंद पडतं, आपल्याला धंदा करायचाय, असं त्या कामगारांना सांगत. पुसटसा डाग दिसला तरी चादर पुन्हा टाकीत जायची. दवाखाने टिकले ते या कडकपणामुळे. नफ्यातून दुसरी लाँड्री निघाली, तिसरीसाठी जागा बघणं चालू होतं.

नवा माणूस एकेकाळी बाईंच्याच घरी ड्रायव्हर होता. कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवलं तेही बाईंनीच. तो आत असताना त्याची आई गेली, बायकोने दुसरं घर केलं. आता तो खाली मान घालून इस्त्री फिरवायचा. डबा खायलाही कुणात बसायचा नाही.

बातमी बाहेर जायला वेळ लागला नाही. नवऱ्याच्या खुन्याला पोटाला लावणारी बाई म्हणून पेपरात फोटो आला, सत्कार झाला. बाई शाल घेऊन आल्या आणि ती कपाटात कोंबून कामाला लागल्या. त्या दिवसांत त्या फार वाळल्या. मुकादमाला वाटलं, जखम रोज डोळ्यांसमोर हिंडतेय, दुसरं काय होणार.

त्याला राग होता तो ड्रायव्हरचा. एवढं करूनही हा मेला बाईंना साधा नमस्कार करीत नव्हता. शेवटी एका दुपारी मुकादमाने त्याला दंडाला धरून वर नेलं आणि बाईंच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागायला सांगितलं.

ड्रायव्हर उभाच राहिला.

“माफी कशाची मागू?” तो म्हणाला. “मी त्यांना हातही लावला नव्हता.”

“मग इथे कशाला आलास?”

“दुसरीकडे कुणी दारात उभं करेना.”

मुकादमाने त्याची गचांडी धरली. ज्या बाईंचं मीठ खातोस त्यांनाच खोटं पाडतोस, असं म्हणत त्याला भिंतीवर दाबलं. ड्रायव्हरने हात उचलला नाही. तो मुकादमाच्या खांद्यावरून बाईंकडे बघत होता.

बाई खुर्चीतून उठल्या.

“सोड त्याला,” त्या म्हणाल्या. “तो खरं बोलतोय. त्या दिवशी घरात यांच्याबरोबर मी एकटीच होते.”