सरळ बसवलेला हूड

"दिवसभर त्या बंद हॉलमध्येच होतो गं, ऊन म्हणून दृष्टीस पडलं नाही," असं सांगून तिचा फोटोग्राफर नवरा आंघोळीला गेला. तिने त्याची बॅग उघडली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. कॅमेऱ्याच्या लेन्सवर हूड, म्हणजे ऊन अडवणारं ते पुढचं कडं, सरळ बसवलेला होता.

नऊ वर्षांच्या संसारात तिला एवढं तरी पाठ झालं होतं. ऊन समोरून किंवा बाजूने येत असेल तर हूड लावायचा. आत फ्लॅश मारायचा असेल तर काढून उलटा लावून ठेवायचा, नाहीतर फोटोत त्याची काळी सावली पडते. हा माणूस एक वेळ जेवायचं विसरेल, पण हे नाही. मग स्वारी उन्हात कुठे भटकत होती? आणि कोणासाठी? महिनाभर त्याचे खिसे चाचपून तिच्या हाती काही लागलं नव्हतं. आज सापडला बेटा!

बाथरूममधला नळ चालू आहे याची खात्री करून तिने कॅमेरा सुरू केला. आजचे तेवीस फोटो होते. सगळे कुठल्याशा गच्चीवरून, लांबून चोरून काढलेले, आणि सगळ्यांत एकच पाठमोरी बाई. तिने शेवटचा फोटो मोठा केला.

त्यात ती स्वतःच होती, बेडरूमच्या खिडकीशी उभी राहून नवऱ्याच्या पँटचे खिसे तपासताना.