खांद्यामागची कुरकुर

"रस्त्यात चिखल, दारात चिखल, आता पेल्यातही चिखलच," बाबा आईच्या खांद्यामागून कुरकुरले.

लेकीने दात आवळले. समोर हॉटेलचे मालक बसले होते. टेबलावर बरगंडीच्या जुन्या लाल वाइनच्या तीन बाटल्या. लांबून आलेला माल. कुठे ऊन लागलेलं असणार, कुठे बूच कुजलेलं. पाहुण्यांपुढे काय ठेवायचं आणि मोरीत काय ओतायचं, हे आई सांगणार होती. एक जरी खराब बाटली तिच्या हातून सुटली तर तिचं काम बंद, असं मालकांनी मागेच सुनावलं होतं. आणि या माणसाला कुरकुर सुचत होती.

आईने पेला फिरवला, नाकाशी धरला, घोट तोंडात घोळवून वाडग्यात थुंकला.

"ओली माती," ती म्हणाली. "भिजलेला पाचोळा, मागून चेरी. उत्तम आहे."

मालकांनी मान डोलावली. एरवी फटकळ माणूस, पण बाबांना गप्प बसा म्हणायला त्यांचंही तोंड उघडत नव्हतं.

गेल्या वर्षी बाबा हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मुदतीआधीच निवृत्त झाले आणि तिथली सगळी कुरकुर घरी घेऊन आले. आईचं काम सुरू झालं की हे मागे उभे. आईही ऐकून घ्यायची. त्याच सुमारास आलेल्या मोठ्या तापातून उठल्यापासून ती मऊच पडली होती. पूर्वी चव घ्यायच्या दिवशी घरात वासाचा साबण चालत नसे. लहानपणी नुसती पावडर लावली म्हणून लेकीला पुन्हा आंघोळ करावी लागली होती. आज ती एका समारंभातून तशीच आली, सेंट फवारलेली. दारात आठवलं तेव्हा जीभ चावली. पण आईने जवळ घेतलं, चकार शब्द काढला नाही. बाबांनी मात्र खिडक्या धाडधाड उघडल्या. दुकान अंगावर घेऊन आलीस का, म्हणाले.

दुसरा पेला भरला.

"घरात फुलं वाळत घातलीयत की काय," मागून आलंच.

"सुकलेला गुलाब," आई म्हणाली. "ही अजून ठेवलीत तरी चालेल."

लेकीचा तोल गेला.

"बाबा, पुरे झालं. तुम्ही जन्मभर कढया हलवल्या, तेव्हा आई मागे उभी राहून टोमणे मारत होती का? बाहेर जाऊन बसा."

"अगं, पण मी…"

"बाहेर."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई टेबलावरच्या कापडाची घडी सारखी करत होती. ते गेले. लेकीने दार लोटून कडी घातली, तिसरा पेला स्वतः भरला आणि आईपुढे सरकवला.

"आता घे निवांत. कुणी मध्ये बोलणार नाही."

आईने पेला फिरवला. वास घेतला. घोट घेतला, थुंकला. पुन्हा वास घेतला. दाराबाहेर सपाता इकडून तिकडे फिरत होत्या. मालक आपली नखं पाहत बसले.

"आई, बोल ना."

आईने पेला खाली ठेवला.

"कडी काढ," ती म्हणाली. "त्यांना आत घे. त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही गं."