पालकाचा रंग

बाळाच्या दुपट्यावर पुन्हा हिरवं.

पिवळसर नाही, फाटल्या दुधासारखं नाही. हिरवं. मळ्यातल्या पालकासारखं.

"पालक खाल्ला ना तू?" रंगूबाई सुनेवर कडाडली. "ओल्या बाळंतिणीनं? बकरी तरी बरी वं!"

"नाई, आत्याबाई."

आसेगावच्या या घरातून रोज भाजी बाजाराला जायची. बाळंतिणीच्या ताटात मात्र नाही. पोराच्या पोटाला जड. आणि पोर तर दोन दिवसांचं.

ओकलं. खाल्ला? नाई. ओकलं. खाल्ला? नाई. ओकलं. खाल्ला?

"हो," मंजुषा थकून म्हणाली. "खाल्ला थोडासा."

घर निवांत झालं. कारण सापडलं होतं. तिचा नवरा गोपाल हसलासुद्धा. "मळेवाल्याचं लेकरू हाय, हिरवंच ओकन."

रंगूबाई हसली नाही. तिनं सुनेला नुसती भाकर आणि दूध दिलं. पण सारखी उठून दुपटं उलगडून पाहत राहिली.

हिरवं.

दुसऱ्या दिवशी पोर दूध तोंडात घेईना. पोट टम्म. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी आधी दुपटं पाहिलं आणि पोराला हात लावण्याआधीच अकोल्याला न्यायला गाडी बोलावली.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई भराभर बोलल्या. "आईनं काहीही खाल्लं तरी उलटी अशी होत नाही. हे पित्त आहे. आतड्याला पीळ पडलाय, वाट बंद झालीय. हिरवं दिसलं तेव्हाच आणायचं होतं."

ऑपरेशन झालं. आतडं सगळं काळं पडलेलं.

संध्याकाळी एका नर्सनं दुपटं नीट घडी करून मंजुषाच्या हातात दिलं.

नुसतं दुपटं.

गोपाल आत सह्या करायला गेला. बाहेरच्या बाकावर दोघीच.

"म्या खाल्लाच नवता," मंजुषा म्हणाली. "तुमी आयकतच नवत्या. म्हून हो म्हटलं."

"मले मालूम होतं."

मंजुषानं मान वर केली. "मंग काहून इचारून राह्यल्या होत्या?"

रंगूबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

"पालकच निघावा, असं वाटे." तिनं पदर तोंडाशी नेला, तसाच धरून ठेवला. "गोपालच्या आधी एक होता माहा. थो बी हिरवंच ओकत गेला."