थोड्या वेळाने या

फालतू मेलनी त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. मेलचा सर्व्हर घरचाच, कपाटावर घरघरणारा. तक्रार करणार कुणाकडे? शेवटी त्याने युक्ती लढवली. अनोळखी पत्त्यावरून मेल आला की सर्व्हर ‘थोड्या वेळाने या’ म्हणून त्याला दारातूनच परत पाठवायचा.

“आणि कामाचा असला तर?” बायकोने विचारलं.

“खरा असेल तो परत येतोच. भामट्यांना एवढा दम कुठला?”

दुपारपर्यंत कचरा निम्मा झाला. परत पाठवलेल्यांचे पत्ते तो खुशीत वाचत होता, आणि एका पत्त्यावर थिजला. बाबांचा पत्ता. ते वारल्यावर त्यानेच तो पुसून टाकला होता.

“कुणीतरी नाव चोरलं असेल,” बायको म्हणाली. “नाही यायचा परत.”

इतक्यात दारावर काठीची मूठ ठकठकली. बेल असताना असं फक्त बाबाच करायचे.

बायको उठली. त्याने तिचा हात घट्ट धरला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “थोड्या वेळाने या!”

काठी टकटक करत जिना उतरली. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला.

खालच्या पायरीवर काठी थांबली. मग पुन्हा वर चढू लागली.