सीट खाली कुणी केली?

सोसायटीच्या कमिटीवाल्यांनो, तुम्ही जिन्याखालच्या ज्या सायकलींना नोटिशीत भंगार म्हणालात, त्यांत एका माणसाचा जीव होता! रिटायर झालेले ईश्वरराव जुन्यापुराण्या माउंटन बाइक शोधून आणायचे, गंज खरवडून, गिअर जुळवून शौकिनांना विकायचे. नोटीस लागली आणि त्यांनी मुकाट्याने सगळ्याच विकायला काढल्या. शेवटची लाल सायकल न्यायला घोडबंदरहून गिऱ्हाईक आलं, टांग टाकून हसलं. "अंकल, सीट इतनी नीचे? बच्चे की है क्या?" ईश्वरराव चक्रावले. सीट तर त्यांनी वर ठेवली होती. मागे बायको उभी होती. कोपर सोललेलं, साडीच्या काठाला चेनचं ग्रीस. "अहो, तुम्ही दुपारी झोपलात की मी पार्किंगमध्ये एकटीच शिकत होते. दोनदा पडले." तिने हँडल घट्ट धरलं. "नोटीस गेली खड्ड्यात. सायकल आपल्या हॉलमध्ये राहील. बोला, विकताय, की मागून सीट धरताय?"